पाठमोरी

“लहानपणी छातीला कधी किरण लागलेत का? म्हणजे एक्स-रे वगैरे, पुन्हा पुन्हा?” नर्सने फॉर्मवरची नजर न उचलता विचारलं.

“छातीला नाही हो,” ठकी म्हणाली. “पाठीचे काढलेत. माझी पाठ वाकडी होती ना. बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत चाललं होतं ते.” मग ती शेजारी बसलेल्या मावशीकडे वळली. “किती असतील गं?”

मावशीच्या मांडीवर ठकीची पर्स होती, ठकीची पाण्याची बाटली होती आणि ठकीच्या रिपोर्टांची जाड फाइल होती. तिने आधी बाटलीचं झाकण घट्ट आहे का ते पाहिलं. घट्टच होतं.

“दहा,” ती म्हणाली.

नर्सने रकान्यात दहा लिहिलं. “नक्की ना? डॉक्टर हा रकाना आवर्जून बघतात, म्हणून विचारते.”

“नक्की. मीच काढलेत,” मावशी म्हणाली. यातलं दुसरं वाक्य तरी खरं होतं.

“ही माझी मावशी,” ठकी कौतुकाने सांगू लागली. चार दिवसांपूर्वी तिच्या डाव्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आला होता, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं, तरी मावशीचं कौतुक करायला तिला कुठलीही जागा चालायची. “एकतीस वर्षं इथल्याच एक्स-रे विभागात होती. माझी पाठ हिच्यामुळे सरळ झाली बघा. नाहीतर आज अर्धी वाकून तुमच्या टेबलाशी बोलत बसले असते.”

नर्स हसली. मावशीलाही हसावं लागलं. हसताना तिचे कान तापले आणि फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

ठकी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. बाराव्या वर्षी तिच्या अंगावर कमरेपासून हनुवटीपर्यंतचा पट्टा चढला, तेव्हा ती लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायला लागली. वाकता येईना, वळता येईना, पुस्तक खाली पडलं तर खांबासारखी खाली जाऊन उचलायची. तिला रडू यायच्या आत मावशीने तिला ठकी म्हणून हाक मारली आणि पोरगी खुदकन हसली. तेव्हापासून सगळ्यांचीच ती ठकी झाली. मावशीने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे बहिणीच्या या एकुलत्या एका लेकीवर तिचा निम्मा हक्क आहे हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही आणि कुणी नाकारलंही नाही.

पाठ वाकडी आहे हे आधी ताईच्या, म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीच्या, लक्षात आलं. शाळेच्या फ्रॉकची खालची शिवण एका बाजूने लोंबत होती. ताईने ती उसवून पुन्हा घातली, तरी लोंबतच राहिली. तिसऱ्यांदा शिवताना ताईने फ्रॉक सोडून पोरीकडे बघितलं. मग मावशीच्याच हॉस्पिटलात, मावशीच्याच मशीनपुढे, ठकीचा पहिला फोटो निघाला. एकतीस अंश. हाडांचे डॉक्टर म्हणाले, पट्टा लावू, दर सहा महिन्यांनी एक फिल्म काढू, हाडं वाढायची थांबली की सोडवू. पाच वर्षांच्या दहा फिल्म. नर्सच्या रकान्यात लिहिले गेले ते हे दहा.

पण मावशीला सहा महिन्यांचा धीर कुठला! मशीन हाताशी, पोरगी हाताशी आणि जीव टांगणीला. शनिवारी दुपारी विभाग रिकामा व्हायचा. ठकी अर्ध्या दिवसाची शाळा सुटून डबा खायला मावशीकडे यायची. डबा संपला की मावशी दाराकडे एक नजर टाकून म्हणायची, “चल, एक बघून टाकू.” फिल्म ओलीच असताना ती उजेडाच्या पेटीवर लावायची, शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक ठेवून अंश मोजायची आणि एकाने जरी कमी आले तरी ताईला फोन करायची. एकतीसाचे अठ्ठावीस झाले, अठ्ठावीसाचे पंचवीस. विभागाच्या वहीत ती फिल्म ‘खराब’ म्हणून लिहिली की संपलं. खराब फिल्मचं कुणी काही विचारत नसे.

आणि मावशीची फिल्म खराब निघते यावर तर कुणाचा विश्वासच बसला नसता. तिच्या फिल्मवरचे मणके एकेक मोजून घ्यावेत. हाडांचे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना तिच्या फिल्म दाखवून म्हणायचे, “हे बघा, याला फोटो म्हणतात.” उजवी बाजू कळावी म्हणून फिल्मवर शिशाचं अक्षर ठेवतात. मावशीने शिशाच्या जुन्या पत्र्याच्या तुकड्यातून स्वतःचा एक ‘उ’ कापून घेतला होता, शेपूट जरा लांब असलेला. तो दिसला की हा फोटो बाईंचा, हे आख्ख्या हॉस्पिटलला कळायचं. सगळे तिला फोटोवाल्या बाई म्हणत आणि त्या नावाने तिची मान चार बोटं वर होई.

या नीट फिल्मचं गुपित साधं होतं. पोरीचं तोंड मशीनकडे, पाठ फिल्मला टेकलेली. मणका जितका फिल्मजवळ तितका फोटो स्वच्छ. शिवाय पोरीचा चेहरा आपल्याकडे असला की ती श्वास धरते की सोडते हे काचेतून दिसतं. आपण काचेमागून हसलो की ती हलत नाही.

ठकीच्या पट्ट्याचं दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा विभागातल्यांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला बाहेरून एक काटकुळ्या बाई आल्या होत्या. जेवणाआधीच्या तासाला, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत असताना, त्या म्हणाल्या, “मुलींची पाठ बघायची असेल तर त्यांना पाठमोरं उभं करा. किरण पाठीतून आत जाऊ देत. पुढे छातीपर्यंत पोचेतो त्यांचा बराच जोर संपलेला असतो. वयात येणाऱ्या मुलीची छाती वाढत असते. तेव्हा पुन्हा पुन्हा किरण लागले तर धोका वाढतो आणि तो वीस-पंचवीस वर्षांनी दिसतो. तेव्हा तुम्ही तिथे नसाल.” फोटो किंचित कमी रेखीव येईल, पण डॉक्टरांचं काम अडणार नाही, असंही त्या म्हणाल्या. मावशीने हे सगळं वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

महिनाभर तिने पाळलंही. मग एका सकाळी हाडांच्या डॉक्टरांनी एक फिल्म उजेडावर धरली, डोळे बारीक केले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “काय बाई, चष्म्याचा नंबर वाढला की काय?” शिकाऊ डॉक्टर हसले. डॉक्टर बिचारे थट्टा करून विसरलेही असतील. मावशी विसरली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने पोरींना पुन्हा तोंड फिरवून उभं केलं.

एवढंच कारण होतं. कुणी सक्ती केली नव्हती, कुणी धमकावलं नव्हतं. आपल्या कामाला नाव ठेवलेलं तिला खपलं नाही, आणि तेही एका थट्टेत.

हे सगळं ती पुढे विसरली होती, की विसरल्यासारखं करत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ठकीची पाठ सरळ झाली, पट्टा माळ्यावर गेला, ठकीचं शिक्षण, नोकरी, लग्न, मुलगी. प्रत्येक आनंदाच्या प्रसंगी ताई चारचौघांत म्हणायची, “ही उभी आहे ती हिच्या मावशीमुळे.” आणि मावशी “पुरे गं” म्हणत ते ऐकून घ्यायची. पण चार दिवसांपूर्वी ठकीने फोनवर “मावशी, गाठ कॅन्सरची निघाली” असं म्हटलं, तेव्हा मावशीला पहिल्यांदा आठवला तो त्या काटकुळ्या बाईंचा आवाज. ठकीचं वय आता एकोणचाळीस होतं. वीस-पंचवीस वर्षं कशी मोजून झाली होती.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर मावशीने कपाटाच्या वरच्या खणातून पिवळा पडलेला लांबडा लखोटा काढला. ठकीच्या फिल्म. बाकी कुणाच्या तिने घरी आणल्या नव्हत्या, या मात्र निवृत्त होताना हौसेने आणल्या होत्या. ती खिडकीपाशी बसली आणि एकेक फिल्म उजेडावर धरून मोजू लागली. प्रत्येक फिल्मच्या कडेला तिच्याच गोल अक्षरात तारीख होती, अंश होते आणि तो ऐटबाज ‘उ’.

त्रेचाळीस निघाल्या.

खरोखरच्या खराब झालेल्या, टाकून दिलेल्या, यात नव्हत्याच. आणि त्रेचाळिसांत एकच अशी होती जिच्यावर ‘उ’ दुसऱ्या कडेला होता. ती त्या महिन्यातली. ठकीला तिने एकदाच पाठमोरं उभं केलं होतं, त्यामुळे उजवी बाजू उलट कडेला आली होती. ती एक फिल्म नसती तर ‘मला माहीतच नव्हतं’ असं म्हणायची सोय राहिली असती. मावशीने ती लखोट्यात सर्वांत खाली सरकवली. मग आपण एकटीच घरात असून कुणापासून लपवतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला.

“ऐक गं,” ताई म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. “एकामागून एक काय काय व्हायचंय कुणास ठाऊक. शाळेत तपासणी झाली. आपल्या भिंगरीचा एक खांदा खाली निघालाय.”

भिंगरी म्हणजे ठकीची मुलगी. वय वर्षं बारा, पाय जमिनीला टेकले तर शपथ. मावशी पलंगावर बसली.

“घाबरू नकोस,” ताईच पुढे म्हणाली. “मी तरी घाबरत नाही. ठकीच्या वेळी तू होतीस, आताही आहेस. शुक्रवारी ठकीच्या तपासण्या आहेत ना, तिथेच पोरीचाही फोटो काढून घेऊ. तुझ्या हाताखालचा तो लुकड्या तिथला साहेब झालाय म्हणे. तू फक्त उभी राहा. ठकीच्या वेळी जसं केलंस, तसंच पोरीचं कर.”

“ताई…”

“काय?”

“काही नाही. येते शुक्रवारी.”

सांगायचं होतं. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण गेली पंचवीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी या घरात तिला मान होता, तीच गोष्ट उचलून बहिणीच्या ओटीत उलटी टाकायची, हे तिला जमलं नाही. तिने भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली.

गुरुवारी ती एकटीच हॉस्पिटलात गेली आणि ठकीच्या डॉक्टरीणबाईंच्या दाराशी तासभर बसली. आत गेल्यावर म्हणाली, “माझ्या ओळखीतल्या एकीचं विचारायचं होतं.”

“विचारा ना.”

“तिचे लहानपणी पाठीचे फोटो निघाले. खूप. समोरून. आता तिला… तर ते त्यामुळेच झालं असेल का?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “एकटीदुकटीचं असं सांगता येत नाही हो. हा आजार कधी किरण न लागलेल्या बायकांनाही होतो, आणि पुष्कळ फोटो निघालेल्या कितीतरी जणींना होत नाही. पण अशा हजारो मुली पुढे कित्येक वर्षं पाहिल्या तर त्यांच्यात प्रमाण जास्त दिसतं, एवढं खरं. त्यातही जितके फोटो जास्त आणि वय जितकं कोवळं, तितका धोका जास्त.”

“म्हणजे नसेलही त्यामुळे.”

“नसेलही. असेलही.”

मावशीला वाटलं होतं की ‘नसेलही’ एवढा एक शब्द मिळाला तरी छातीवरचा धोंडा हलेल. शब्द मिळाला आणि धोंडा होता तिथेच राहिला. तिने कधी ‘धोका नसेल’ असं ठरवून पोरीला तिथे उभं केलं नव्हतं. तिने तिचा विचारच केला नव्हता, फोटोचा केला होता.

ती दारापर्यंत गेली तेव्हा डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या, “तुमच्या त्या ओळखीच्या बाईंना म्हणावं, आकडा खरा सांगा. दुसऱ्या बाजूवर किती बारीक लक्ष ठेवायचं, कधीपासून, हे आम्ही त्यावरून ठरवतो.” त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, पुढचे कागद चाळत होत्या. मावशीला ते बघण्यापेक्षा जास्त लागलं.

शुक्रवारी एक्स-रे विभागाच्या दारातच लुकड्याने तिला गाठलं. तिच्या हाताखाली शिकायला आला तेव्हा वाऱ्याने उडेल असा होता, म्हणून हे नाव. आता त्याच्या पोटामुळे कोटाची दोन बटणं लागत नव्हती.

“बाई! या, या!” त्याने सगळ्या विभागाला ऐकू जाईल असा आवाज लावला. “अरे, बघा कोण आलंय. माझ्या गुरू. मी जे काही शिकलो ते यांच्याकडून. आणि ही ठकी ना? बाप रे, केवढी झालीस! तुझ्या फिल्मवर शिकलोय मी पाठीचा फोटो काढायला.”

“मग आता माझ्या लेकीचा काढा,” ठकी हसून म्हणाली. ती दोन तपासण्या आटपून आली होती, कोपराच्या आत कापसाचा बोळा दाबलेला, बगलेत ती जाड फाइल. चेहरा ओढलेला होता, तरी मुलीपुढे तिने हसू लावून ठेवलं होतं.

भिंगरी हॉस्पिटलचा मागून बंदांचा झगा घालून एका पायावर उड्या मारत होती. लुकड्या तिला आत घेऊन गेला. ठकी आणि मावशी काचेमागे, बटणांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. तीच शिशाची जाड काच. एकतीस वर्षं मावशी हिच्याआड उभी होती. किरण मोजायचा तिचा बिल्ला दर तिमाहीला तपासणीला जायचा आणि कोरा परत यायचा. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्याचाही उल्लेख केला होता, बाईंनी स्वतःची किती काळजी घेतली म्हणून. टाळ्या पडल्या होत्या.

“इकडे ये,” आत लुकड्या भिंगरीला सांगत होता. “पाठ या फळीला टेकव. तोंड मशीनकडे. अशी. आता काचेतून आईकडे बघत राहा, हलायचं नाही.”

भिंगरी आईकडे बघून दात दाखवून हसली. ठकीनेही काचेतून हात हलवला. लुकड्या बाहेर आला, दार लावलं, बटणापाशी बसला.

“बघा बाई, तुमचीच पद्धत. मणका फळीजवळ, चेहरा आपल्याकडे. आता फिल्म नाही, पडद्यावर येतं सगळं, पण मी नव्या मुलांना अजून हेच वाक्य शिकवतो.” त्याने माइकचं बटण दाबलं. “पोरी, मोठा श्वास घे.”

नव्या मुलांना. ठकी तिची होती, म्हणून ठकीच्या फिल्म लखोट्यात होत्या, मोजता आल्या होत्या. बाकीच्या पोरी? त्यांना तिने कधी मोजलंच नव्हतं.

“धर श्वास. आता अजिबात—”

“थांब.”

लुकड्याचं बोट बटणावरच राहिलं. “काय झालं बाई? हलली का?”

“फिरव तिला. पाठ मशीनकडे कर.”

“अहो, पण फोटो…”

“फोटो जरा कमी येईल. येऊ दे. मुलींना पाठमोरं उभं करायचं असतं. छातीला किरण कमी लागतात.”

“बाई, पण तुम्हीच तर शिकवलंत की—”

“मी चुकीचं शिकवलं.” तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. “मला माहीत होतं तेव्हा. तुलाही चुकीचं शिकवलं आणि हिलाही तसंच उभं केलं. तू आता तरी तसं करू नकोस. तुझ्या त्या मुलांनाही सांग. माझं नाव घेऊन सांग.”

लुकड्याने मान खाली घातली, उठला, आत गेला आणि भिंगरीचे खांदे धरून तिला फिरवलं.

“मला आता आई दिसत नाही,” आतून भिंगरी म्हणाली.

ठकीने माइकवर वाकून सांगितलं, “मी इथेच आहे. उभी राहा.” मावशीकडे तिने बघितलं नाही.

बटण दाबलं गेलं. काही क्षणांत पडद्यावर भिंगरीचा कणा उमटला. लुकड्याने रेघा ओढून अंश मोजले. “बारा,” तो म्हणाला. “फार नाही. नुसतं लक्ष ठेवतील बहुतेक.” मावशी पडद्याकडे बघत होती. कडा थोड्या मऊ होत्या, पण मानेपासून कमरेपर्यंत सगळे मणके मोजता येत होते. यापेक्षा जास्त काय हवं होतं तिला तेव्हा?

भिंगरी कपडे बदलायला गेली. ठकी बाहेरच्या लांब बाकावर जाऊन बसली. मावशी तिच्यापासून एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसली. पर्स आणि बाटली नेहमीसारखी तिच्याच मांडीवर होती.

“किती?” ठकीने विचारलं.

“त्रेचाळीस. टाकून दिलेल्या वेगळ्या. त्या माझ्याकडे नाहीत.”

“आणि त्या डॉक्टरांनी किती सांगितल्या होत्या?”

“दहा.”

“मग बाकीच्या कशाला काढल्यास?”

“मला राहवायचं नाही. तुझी पाठ किती सरळ झाली ते बघायचं असायचं.”

ठकीने कापसाचा बोळा काढून बघितला, पुन्हा लावला. समोरून एक वॉर्डबॉय चाकांची खुर्ची ढकलत गेला.

“त्यामुळेच झालं का मला हे?”

“कुणालाच सांगता येत नाही. मी काल तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. ओळखीतल्या एकीचं, म्हणून.”

“ओळखीतली एक,” ठकी म्हणाली. तिच्या तोंडाचा कोपरा हलला, पण ते हसू नव्हतं.

“ठके, मला—”

“थांब गं मावशी. आत्ता नको.” मग ती खाली बघतच बोलली, “मला पट्ट्याचं काही आठवत नाही, माहितेय? दुखायचं, काचायचं, ते सगळं गेलं. शनिवारच तेवढे आठवतात. तू काचेमागून माझ्याकडे बघून हसायचीस. मला वाटायचं, मावशी बघतेय, आपण हलायचं नाही. एकदाच तू मला भिंतीकडे तोंड करून उभं केलंस, तेव्हा मी रुसले होते. म्हटलं, मला तुझं तोंड दिसत नाही. पुढच्या वेळेपासून तू मला परत फिरवलंस. मला वाटलं, माझ्यासाठीच फिरवलंस.”

त्या शनिवारचं रुसणं मावशीला मुळीच आठवत नव्हतं. आणि ठकीसाठी म्हणून फिरवलं, एवढं खोटं आता या घडीला बोलून टाकलं असतं तर खपूनही गेलं असतं.

“तुझ्यासाठी नव्हतं,” ती म्हणाली. “फोटो चांगला यावा म्हणून.”

ठकीने मान हलवली. फाइल उघडली, नर्सने भरलेला तो फॉर्म काढला, पेन काढलं आणि दोन्ही मावशीच्या हातात दिलं.

“खोड ते दहा. तूच लिही.”

मावशीने मांडीवर पर्स ठेवून तिच्यावर फॉर्म सरळ केला. दहावर आडवी रेघ मारली आणि शेजारी, फिल्मच्या कडेला लिहायची तशाच गोल आकड्यांत, ४३ लिहिलं. नंतर थोडं थांबून त्याखाली ‘समोरून’ असं लिहिलं. एक सोडून, हे लिहायला जागा उरली नव्हती.

ठकी उठली. मावशीही सवयीने पर्स आणि बाटली सावरत उठू लागली, तशी ठकीने दोन्ही वस्तू तिच्या हातातून काढून घेतल्या. ओढून नव्हे, हळूच.

“तू बस. भिंगरी येईल आता. मी डॉक्टरांना हे देऊन येते.”

“मी येऊ का बरोबर?”

“नको.”

ती निघाली. भिंगरी काढलेल्या झग्याचे बंद हातात गुंडाळत बाहेर आली आणि बाकावर धपकन बसली. “आई कुठे गेली?”

मावशीने बोट दाखवलं. लांबच्या लांब गल्लीत, माणसांच्या गर्दीतून ठकी चालली होती. मान ताठ, दोन्ही खांदे एका रेषेत, कुर्त्याची खालची शिवण दोन्ही बाजूंनी अगदी सारखी. गल्लीच्या टोकाला ती वळेपर्यंत मावशी त्या पाठीकडे बघत राहिली. ठकीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.